ताण तीस सेकंद धरावा

२ मार्च, रविवार. दुपारी १२.

आजपासून रोजनिशी. बरोब्बर अकरा महिन्यांनी सायकल बाहेर काढली. चाळीस किलोमीटर झाले. मीटर सव्वीस दाखवतोय, पण तो जुना आहे.

घरी आल्यावर जिना कसाबसा चढलो. नंतर वर्तमानपत्र आणायला खाली उतरायची वेळ आली तेव्हा उलटा उतरलो, तोंड वरच्या मजल्याकडे करून. शेजारच्या आजी वर येत होत्या. त्यांना सांगितलं, हा नवा व्यायाम आहे. त्या म्हणाल्या, छान, वयाप्रमाणे करावं काहीतरी. त्या त्र्याऐंशीच्या आहेत. मी त्रेपन्नचा.

मुख्य बातमी. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळजीला, माझ्या सायकलच्या जोडीदाराला, जाऊन वर्ष होईल. आमच्या सायकल ग्रुपने त्याच्या आठवणीत राइड ठरवलीय. कालव्याच्या पुलापर्यंत जायचं, तिथे तो करायचा तसं दहा मिनिटं स्ट्रेचिंग करायचं. ते घ्यायचं मी. शिवाय त्याच्या शेवटच्या क्षणांबद्दल चार शब्द बोलायचे तेही मी, कारण तेव्हा त्याच्याजवळ मीच होतो. लगेच हो म्हणून टाकलं. पाच आठवडे आहेत. पाच आठवड्यांत लोक परकी भाषा शिकतात. मला नुसतं वाकायचंय.

सद्यस्थिती: गुडघे ताठ ठेवून वाकलं की हाताची बोटं गुडघ्याच्या जरा खाली. हात मुळातच आखूड आहेत माझे.

संकल्प: रोज सकाळी सहा ते सहा-दहा. अपवाद नाही.

३ मार्च, सोमवार.

सहाला उठलो. सव्वासहाला परत झोपलो. स्नायूंची डागडुजी झोपेत होते असं वाचलंय. चालू काम मध्येच बंद पाडणं बरं नव्हे.

आज नऊ मजली इमारतीची लिफ्ट तपासायची होती. लोकांना वाटतं लिफ्ट तपासणारा माणूस लिफ्टने फिरतो. ती बंद केल्याशिवाय तपासता येत नाही, त्यामुळे वरच्या मशीन रूमपर्यंत पायीच. चढलो. उतरताना सहाव्या मजल्यापासून बसून उतरलो, एकेक पायरी. केअरटेकरला वाटलं मी जिनाही तपासतोय. त्याने तिसऱ्या मजल्यावरची एक सुटलेली फरशी दाखवली. मी रीतसर लिहून घेतली.

अठरा जिने म्हणजे एक प्रकारचं स्ट्रेचिंगच. आजचा कोटा पूर्ण.

५ मार्च. सकाळी ६.४०.

मॅट आली. सुरुवात पोटरीपासून. भिंतीला दोन्ही हात, एक पाय मागे, टाच जमिनीला, ताण तीस सेकंद धरायचा. आकडे मोजत होतो. नवावर बेल वाजली. दार उघडलं. कुणी नाही.

हिला विचारलं, कोण आलं होतं. ही म्हणाली, बेल वाजलीच नाही.

बेल उघडून पाहिली. तारा ठीक, बटण ठीक. म्हणजे दोष अधूनमधून येणारा असणार. लिफ्टमध्येही हे असे दोष सगळ्यात वाईट. तपासायला गेलं की सापडत नाहीत.

७ मार्च.

मॅटला रबराचा वास येतोय. दोन दिवस गॅलरीत टाकायला हवी. तोवर तयारी म्हणून घड्याळजीची पद्धत लिहून काढतो.

राइड संपत आली की शेवटचे दोन किलोमीटर तो हळू चालवायचा. मग पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून पाणी, दोन-दोन घोट. मग पोटऱ्या. मग एक पाय कठड्याच्या खालच्या दांडीवर ठेवून मांडीची मागची बाजू. मग दुसरा. प्रत्येक ताण तीस सेकंद. हातात घड्याळ नसायचं. दिवसभर लोकांची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, म्हणायचा की सुट्टीच्या दिवशी नको. तोंडाने मोजायचा, मोठ्याने, दोन आकड्यांच्या मध्ये श्वास सोडत. मी एकदा मोबाइल लावून ताडून पाहिलं. तीस म्हणजे तीस.

मी त्याला चिडवायचो की तू सायकल चालवायला येतोस की पूल ढकलायला. चिडवायचो, पण थांबायचो. दर रविवारी थांबायचो. त्या रविवारीही शेजारीच होतो. त्याचा हात माझ्या हातात होता. शेवटचं बोलला ते हेच, बायकोसाठी, की हिला सांग, मला काही दुखत नाहीये.

हे चार शब्द तेव्हा बोलायचेत. पाठच आहेत.

९ मार्च, रविवार.

ग्रुपबरोबर राइड. परतताना सगळ्यांनी पेट्रोल पंपाजवळ स्ट्रेचिंग केलं. मी सायकली धरल्या. सहा सायकली एकट्याने धरणं हाही खांद्यांचा चांगला व्यायाम आहे. एकाने विचारलं, भिंत आहे की, टेकवून ठेवू या ना. मी म्हटलं, भिंतीचा भरवसा नाही.

११ मार्च.

फिजिओकडे गेलो, हिच्या आग्रहामुळे. वयाने पोरसवदा बाई आहे, पण अंगठ्यात क्रेनचं बळ. मांडीत अंगठा रुतवून म्हणाली, हे स्नायू दगड झालेत, किती वर्षं असं आहे. मी सांगितलं, दोन मार्चपासून. तिला पटलेलं दिसलं नाही.

तिने मला झोपवून पाय वर उचलला आणि म्हणाली, सांगेपर्यंत सोडू नका. मी एकोणिसावर सोडला. पुन्हा उचलला. पुन्हा एकोणीस. तिने विचारलं, दुखतं का. नाही. मग एकोणिसाला काय होतं. मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, तुम्ही श्वास धरून बसता, जणू कुणाची चाहूल घेताय.

काय कल्पना एकेकाच्या.

तिच्या सूचना: राइडनंतर लगेच बसायचं नाही, दहा मिनिटं चालायचं. भरपूर पाणी. ताण देताना हिसका द्यायचा नाही. श्वास सोडायचा. झोप पुरी. शेवटच्या शब्दाखाली तिने दोन रेघा ओढल्यात.

१४ मार्च.

फोम रोलर नावाची वस्तू आणली. लाटण्याचा मोठा भाऊ. तो मांडीखाली घेऊन त्यावर पुढेमागे सरकायचं म्हणजे स्नायूंच्या गाठी सुटतात. मी पुढे सरकलो, तो मागे सरकला. माझं डोकं कपाटाला लागलं. ही हसत हसत आली, मला उठवलं. मग बाजूला बसून राहिली.

म्हणाली, एक सांगू का, तुम्ही मोजता ते त्यांच्यासारखं मोजता.

मी म्हटलं, आकडे सगळ्यांचे सारखेच असतात. हिने रोलर उचलून जागेवर ठेवला.

उद्यापासून तोंडाने मोजणं बंद. मोबाइलवर टायमर.

१५ मार्च.

टायमर तीस सेकंदांनी वाजला. मी तेव्हा स्वयंपाकघरात होतो. पाणी प्यायला. भरपूर पाणी सांगितलंय.

१६ मार्च, रविवार. सकाळी १०.

आज एकटाच गेलो. कालव्याचा रस्ता टाळला, खराब आहे. (नवीन डांबर पडलंय खरं, पण नवीन डांबर टायरला चिकटतं.)

टेकडीच्या चढावर मागून सायकल येतेय असं वाटलं. पेडल थांबवलं की फ्रीव्हीलचा जो टिकटिक आवाज होतो, तो. वाटलं कुणीतरी मागे येऊन पेडल थांबवून माझ्या चालीने चाललंय. वाट द्यायला बाजूला झालो. कुणी पुढे गेलं नाही. वळून पाहिलं. रस्ता मोकळा, पार खालच्या झाडापर्यंत.

घरी येऊन मागचं चाक तपासलं. आवाज माझ्याच फ्रीव्हीलचा असणार, उघड आहे. ग्रीस घातलं.

एवढंच की चढावर मी पेडल मारत होतो. पेडल मारताना फ्रीव्हील वाजत नाही.

१९ मार्च.

वहिनींचा फोन. घड्याळजीच्या बायकोचा. सहा तारखेला त्या पुलावर येणार आहेत, गाडीने. मुलगीही येतेय, परदेशातून, मुद्दाम. गेल्या वर्षी ती पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही मला त्या दिवशी सांगितलंत ना, तसंच तिला सांगा. फोनवर माझ्याकडून ऐकलंय तिने, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय तिला.

मी म्हटलं, अवश्य.

जेवण झाल्यावर भाषणाचा कच्चा खर्डा केला. चांगला उतरला. पहिल्याच ओळीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर आहे. लिहून झाल्यावर आठवलं, वहिनींना मी हात सांगितला होता. हिला सहज विचारल्यासारखं विचारलं, मी तेव्हा काय सांगितलं होतं गं. ही म्हणाली, हात धरला होता म्हणालात. मग माझ्याकडे बघत म्हणाली, विसरलात?

मांडी खोडून हात केला. अशा तपशिलात गडबड व्हायला नको.

२३ मार्च, रविवार. सकाळी साडेदहा.

पुलावर जाऊन रंगीत तालीम केली. एकट्याने. एकदा जागेवर करून पाहिलं की सहा तारखेला अडचण नाही.

सायकल कठड्याला टेकवली. पाणी, दोन-दोन घोट. पोटऱ्या केल्या, बऱ्या झाल्या. मग डावा पाय खालच्या दांडीवर ठेवला आणि वाकलो. श्वास सोडत मोजलं. बारा, तेरा. खाली कालव्याचं पाणी हिरवं. पुलावरून रस्ता सरळ पाव किलोमीटर दिसतो, मग पंपहाउसपाशी वळतो.

त्या वळणापाशी मी होतो.

मी थांबायचो नाही. एकदा मोबाइल लावला तेवढं सोडून कधीच थांबलो नव्हतो. त्याला म्हणायचो, तू ढकल पूल, मी चाललो, भूक लागलीय. त्या दिवशी वळणावर सहज मागे पाहिलं. त्याचा एक पाय दांडीवर होता, एक हात कठड्यावर. दुसरा हात त्याने वर केला. मला वाटलं, जा म्हणतोय. मीही हात केला आणि गेलो. घरी जाऊन अंघोळ केली. दोन वेळा वाढून घेतलं. दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरला तो सापडला तोवर वीस मिनिटं होऊन गेली होती असं डॉक्टर म्हणाले. मी पोहोचलो तेव्हा त्याच्या अंगावर ड्रायव्हरचं जॅकेट होतं.

जा म्हणत होता की ये म्हणत होता.

एकोणिसावर पाय काढला. मोजत मोजत पुढे गेलो असतो तर वर बघावं लागलं असतं, आणि वळणावर कुणी असतं तर.

२४ मार्च, सोमवार.

कालची नोंद उन्हामुळे. शरीरातलं पाणी कमी झालं की माणूस काहीही लिहितो, याला शास्त्रीय आधार आहे. ते पान फाडणार होतो, पण फाडलं तर त्याच्या जोडीचं पानही सुटतं, आणि त्यावर फिजिओच्या सूचना आहेत.

२७ मार्च. संध्याकाळ.

मशीन रूममध्ये ब्रेक तपासायला उकिडवा बसलो आणि पोटरीत गोळा आला. असा की आवाजही फुटेना. तोच केअरटेकर बरोबर होता. त्याने मला फरशीवर आडवं केलं, बूट काढला, पायाची बोटं धरून माझ्याकडे रेटली आणि शांतपणे म्हणाला, श्वास सोडा साहेब, मी धरलंय, मी इथेच आहे.

मला रडू आलं. पोटरीमुळे. पोटरीतला गोळा भयंकर असतो.

तो बराच वेळ पाय धरून बसला. गोळा गेल्यावरही. अनोळखी माणूस. पाच मिनिटं त्याला कुठे जायचं नव्हतं.

३० मार्च, रविवार.

गेलो नाही सायकलवर. पण महत्त्वाचा शोध लागला. मनावर ओझं असलं की स्नायू आखडतात. तीन लेखांत आहे. म्हणजे माझ्या पोटऱ्यांचा इलाज मॅटवर नाहीच. वहिनींना खरं काय ते सांगून टाकायचं. शिवाय खरं कळणं हा त्यांचा हक्क आहे. मुळात त्यांच्यासाठीच सांगायचं. माझ्या पोटऱ्या सुटतील तो वरचा फायदा.

अंदाजे वेळ: दहा मिनिटं. त्या थोडं रडतील, मग म्हणतील, भाऊजी, किती दिवस मनात ठेवलंत. मग चहा. सहा तारखेपर्यंत बोटं पावलांना टेकलेली असतील.

२ एप्रिल.

गेलो होतो. विषय काढणार तेवढ्यात लक्षात आलं की त्यांचं दार कुरकुरतंय. बिजागऱ्यांना तेल घातलं. मग खिडक्यांनाही. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही किती करता आमच्यासाठी.

अशा वाक्यानंतर काय बोलणार. शुक्रवारी जातो.

४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी ४.

सांगितलं.

वहिनी त्याच्या कामाच्या टेबलापाशी बसल्या होत्या. लोकांची राहिलेली घड्याळं नावं लिहून पाकिटांत घालत होत्या, ज्याची त्याला परत द्यायला. मी उभ्यानेच बोललो, बसलो असतो तर बिजागऱ्या बघितल्या असत्या. वळण, हात वर केलेला, अंघोळ, जेवण, सगळं. त्या एक पाकीट हातात धरून ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, म्हणजे हात धरला नव्हता. मी म्हटलं, नाही.

"आणि ते? काही दुखत नाहीये म्हणाले ते?"

"ते मीच म्हटलं, वहिनी. तुम्ही दवाखान्याच्या त्या बाकावर बसला होतात. मला काहीतरी सांगायला हवं होतं."

त्यांनी पाकिटाची कड चिकटवली. बोटाने दोनदा दाबली. मग म्हणाल्या, हात कसा वर केला होता, दाखवा. मी दाखवला. म्हणाल्या, परत. परत दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं, जसं डॉक्टरांनी दिलेल्या एक्स-रेच्या फिल्मकडे आपण पाहतो.

"यावरून काही कळत नाही," त्या म्हणाल्या.

रडल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. मला वाटलं होतं त्यातलं काहीच नाही. एवढंच म्हणाल्या की वर्षभर त्या झोपताना ते वाक्य म्हणत होत्या. त्यानेच झोप लागायची. आता दुसरं काहीतरी बघावं लागेल. हे अगदी साध्या आवाजात, किराणा संपल्यासारखं.

मी निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या.

"उद्या मुलगी येतेय. परवा पुलावर तिला तेच सांगायचं. हात धरलेला, आणि दुखत नाहीये. एक शब्द इकडेतिकडे करायचा नाही."

मी म्हटलं, वहिनी, आता कसं सांगू, तुमच्यासमोर.

"माझ्यासमोरच सांगायचं," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही हलकं करून घेतलंत ना. आता तिचं राहू द्या."

दार आवाज न करता लागलं.

५ एप्रिल.

बोटं अजून तिथेच, गुडघ्याखाली. ते तीन लेख पुन्हा वाचले. त्यात लिहिलंय, परिणाम व्यक्तीनुसार बदलतो.

हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, मला वाटलंच होतं. कधीपासून, विचारलं. म्हणाली, त्या दिवशी तुम्ही जेवत असताना फोन आला होता ना. पानावरून उठलात ते मीच पाहिलं नव्हतं का.

म्हणजे हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वर्षभर ही लोकांसमोर माझ्या शेजारी उभी राहून मान डोलवत होती.

६ एप्रिल, रविवार. दुपार.

पुलावर सगळे होते. मी सांगितलं. एक शब्द इकडेतिकडे झाला नाही. फार चांगलं सांगितलं, ग्रुपमधल्या दोघांनी डोळे पुसले. वहिनी कालव्याकडे बघत उभ्या होत्या.

मुलगी अगदी त्याच्यासारखी दिसते, कपाळ वगैरे. तिने विचारलं, काका, कुठला हात होता तुमचा. मी क्षणभर थांबलो आणि उजवा पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकवलं. मला वहिनींकडे बघायचं नव्हतं. बघितलं. त्यांनी मान हलवली, बरोबर चाललंय अशी.

स्ट्रेचिंग मला घेता आलं नाही. दांडीवर पाय ठेवला आणि दोन्ही पोटऱ्या एकदम आखडल्या. भावनेच्या भरात झालं असं सगळ्यांना वाटलं. बाकीच्यांनी आपापलं केलं. मला सायकलसकट वहिनींच्या गाडीत घालून घरी आणलं. मी मागे, पाय सीटवर लांब करून. मुलगी पुढे वहिनींशेजारी बसून बाहेर बघत होती. चेहरा मोकळा झाला होता तिचा, ते नाकारता येत नाही.

घर आल्यावर तिने मला उतरायला मदत केली. म्हणाली, आता दर वर्षी येणार, याच दिवशी, तिथेच. पुढच्या वर्षी नवऱ्यालाही आणते, त्यानेही तुमच्याकडून ऐकायला हवं. याल ना काका.

वहिनी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होत्या.

येईन म्हटलं.